पुढे बरणी, मागे हंडा

आमच्या घरात दोन व्हॅक्युम क्लीनर कंपन्या नांदतात. नांदतात म्हणजे भांडतात. मी पालघर-बोईसर भागात एका कंपनीची मशीन दारोदार फिरून दाखवत आले, विकत आले. आणि आमचे हे, म्हणजे अरविंद, बोईसरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरमागे उभे राहून दुसऱ्याच कंपनीची मशीन विकत आले. लग्न ठरलं तेव्हा ते पंखे विकायचे आणि मी शिवणक्लास चालवायचे, त्यामुळे पत्रिकेत हा योग कुणाला दिसला नाही. यंदा मी काम थांबवलं आणि दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हणताच लगेच हो म्हटलं. ह्या विषयावर मला घरात आजवर एकदाही सलग बोलू दिलेलं नाही.

आधी दोन्ही मशीनची ओळख करून देते. माझी ती ‘हंडा’. हे नाव ह्यांनीच चिडवायला ठेवलं. लाल पत्र्याचा, गोल, खाली चाकं, आणि पोटात जाड कागदाची पिशवी. धूळ नळीतून आत येते, पिशवीत अडकते, पिशवी भरली की फेकून द्यायची. दिसायला अगदी साधा, पण ओढायला लागला की सतरंजी उचलून धरेल. ह्यांची ती ‘बरणी’. हे नाव मी ठेवलं. पारदर्शक, चकचकीत, निळ्या झाकणाची. तिच्यात पिशवीबिशवी काही नाही. हवा आत शिरली की गरगर फिरते, फिरता फिरता धूळ कडेवर आपटते आणि खाली तळाशी जमते. सगळा कचरा बाहेरून दिसतो. स्वतःच्या घरातली घाण दिवाणखान्याच्या मध्यभागी मांडून ठेवायची हौस कुणाला असते, हे मला कधी कळलं नव्हतं.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न नेहमी एकच, “किती वॅटची?” वॅट म्हणजे मोटर वीज किती खाते. ओढते किती, ती गोष्ट निराळी. भरपेट जेवून काडीचं काम न करणारी माणसं प्रत्येकाच्या नात्यात असतात, हे मी सांगितलं की बायका हसायच्या आणि वॅटचा विषय संपायचा. मशीनची खरी परीक्षा तिच्या मागच्या बाजूला असते. जेवढी हवा पुढून आत घेतली तेवढी मागून बाहेर सोडावीच लागते. धूळ ओढणं कुठल्याही मशीनला जमतं, ती पोटात धरून ठेवणं अवघड. म्हणून डेमो देताना मी मशीनच्या मागे पांढरा रुमाल धरायचे. रुमाल पांढरा राहिला की मान ताठ करून समोर बघायचं, बाकी बोलायची गरज नसायची.

आणि तरीसुद्धा खप ह्यांचा जास्त! माझा एखादा हंडा जाईपर्यंत ह्यांच्या दुकानातून बरण्यांची रांग गेलेली असायची. रोज रात्री जेवताना ह्यावर आमची खडाजंगी.

“तुमची कंपनी जाहिरातीवर चालते,” मी म्हणायचे. “हप्त्यांवर चालते. निळ्या रंगावर चालते.”

“अगं, मग तुझ्या कंपनीला निळा रंग द्यायला कुणी मना केलंय?” हे शांतपणे भाकरी मोडत म्हणायचे. “माणसं मूर्ख नसतात, शैला. काहीतरी बघूनच घेतात.”

“काय बघतात?”

“ते तूच शोध. फिरतेस तू. मी एका जागी उभा असतो.”

ह्या उत्तराने मला जेवण गोड लागायचं नाही. माणूस भांडला तर बरं वाटतं, समजूतदारपणा दाखवला की अंगाची लाही होते.

फिरत मात्र मी होतेच. हळदीकुंकवाच्या घोळक्यात डेमो दिले. तीळगूळ वाटून झाला की यजमीणबाईंच्या सोफ्यातून भसाभस माती काढून दाखवायचे. बाकीच्या बायका खूश आणि यजमीणबाईंचं तोंड एवढंसं. दोन-तीन घरांतून पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मग मी माझी स्वतःचीच मळकी सतरंजी बरोबर घेऊन फिरायला लागले.

मासवणला तर कमालच केली. बोईसरच्या कारखान्यात कामाला असलेल्या एका मुलाने नवं पक्कं घर बांधायला घेतलं होतं. “आमच्या आईला दाखवा, ती हो म्हणाली तर घेतो,” म्हणाला. आई राहत होती मागच्या जुन्या घरात, शेणाने छान सारवलेल्या जमिनीवर. मी जोशात तिथेच हंडा सुरू केला. एवढी धूळ निघाली, एवढी धूळ निघाली की मला वाटलं आज विक्रम होणार! पिशवी भरली, दुसरी लावली. शेजारपाजारचे जमले. मी बोलत सुटलेली. तेवढ्यात ती आई खाली वाकली, जमिनीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, “बाय, कचरा कदीच संपला. आता तू माजी जमीन खातेस.” बघते तो दाराजवळ चांगला खड्डा पडलेला. मशीन कचरा आणि जमीन ह्यांत भेद करत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पदर खोचला, तिच्याकडूनच शेण कालवून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ती खोली सारवून दिली. पोराने नंतर मशीन घेतली. आईच म्हणाली होती म्हणे, “घे तिच्याकडून, बाय हाताने काम करणारी हाय.”

तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या वसाहतीतलं गिऱ्हाईक वेगळं. तिथे माणसं हिशेबाने बोलतात, माहितीपत्रक आधी वाचून बसतात. एका बाईंनी तर मला आणि दुकानातर्फे ह्यांना एकाच दुपारी बोलावलं आणि गालिच्याचे दोन भाग करून सरळ सामनाच लावला. अर्धा माझा, अर्धा ह्यांचा! काय मजा आली म्हणून सांगू. हंड्याने जास्त धूळ काढली, हे बाईंनी स्वतः वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. आणि मग घेतली बरणी. “तुमची चांगली आहे हो,” म्हणाल्या, “पण हिच्यात दिसतं ना.” काय दिसतं? कचरा! मी वसाहतीच्या फाटकापर्यंत ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. हे मात्र शीळ घालत चालले होते.

पुढे दिवस बदलले. बोईसरला मोठमोठ्या सोसायट्या झाल्या, फाटकावर वॉचमन बसले. “किसने बुलाया?” ह्या प्रश्नाला दारोदार फिरणाऱ्या बाईकडे काय उत्तर असणार? त्यातून आता आपोआप फिरणाऱ्या तबकड्या आल्या. बटण दाबायचं आणि ती घरभर फिरून येते, मध्येच सोफ्याखाली अडकली की ओरडते. माझ्या कंपनीने हंडा बनवणं बंद केलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, अगदी पोटातून वाईट वाटतं. एक चांगली मशीन लोकांना नीट कळलीच नाही, असं वाटत राहतं. पण बंद व्हायच्या आधी ह्या हंड्याने एक असा पराक्रम केला की तो सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले.

मसाल्याचा मोसम तोंडावर आला होता. एक दिवस जेवताना मी म्हटलं, “उद्या मला वाणगावला जायचंय. एका बाईंचा फोन आलाय.”

“मलाही वाणगावलाच जायचंय,” हे म्हणाले. “एका मसाला गिरणीतून फोन होता.”

“रंजना?”

“रंजना.”

बिचारीने माझा नंबर कुठल्याशा हळदीकुंकवातून मिळवला होता आणि ह्यांचा दुकानातून. आम्ही नवरा-बायको आहोत ह्याचा तिला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी एकाच रिक्षात हंडा आणि बरणी मांडीवर घेऊन आम्ही उतरलो तेव्हा ती आमच्याकडे आळीपाळीने बघतच राहिली.

रंजना चाळिशीची, चपळ, बोलायला धीट. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा तिने घराच्या मागच्या पडवीत डंख बसवला. डंख म्हणजे मसाला कुटायची मशीन. लोखंडी मुसळं एकाआड एक खलात आपटत राहतात. आता सगळं घर त्या डंखावर चालत होतं, आणि तोच बंद पडायची वेळ आली होती. मिरची कुटली की खकाणा उडायचा, वाऱ्याबरोबर कुंपणापलीकडे राऊतसरांच्या घरात जायचा. सर शाळेतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या बायकोला, राऊतकाकींना, दमा. मोसमभर काकी खिडक्या लावून आत कोंडून घ्यायच्या आणि तरी खोकून खोकून बेजार व्हायच्या. सर पंचायतीत गेले. सरपंचांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि रंजनाला सांगितलं, मोसम भरात यायच्या आत खकाणा थांबव, नाहीतर डंख इथून हलव.

“हलवू कुठं?” रंजना म्हणाली. “जागा हाय ती ही. आनि सर काय खोटं बोलत नाय. काकींची उबळ माज्या पन कानावर येते. मी मुसळं चालवते आनि मलाच कसंतरी व्हतं. तुमची मशीन खकाणा ओढते का, येवढंच सांगा.”

“ओढते!” आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. एवढं एकमत आमचं लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

पडवीत त्या दिवशी चार-पाच बायका आपापल्या मिरच्या घेऊन बसल्या होत्या. आमच्या भागात मसाला कुटायला टाकून कुणी घरी जात नाही. आपला मसाला आपल्या डोळ्यांसमोर कुटला जायला हवा. शेवटी खलाच्या कडेचा, मुसळांना चिकटलेलासुद्धा कुंच्याने झाडून आपल्याच पातेल्यात पडायला हवा. प्रत्येकीचं मिरच्यांचं प्रमाण वेगळं, धण्याचं वेगळं. दुसरीच्या मसाल्यातली चिमूट आपल्यात आली तर वर्षभर कालवणाला नावं ठेवायची. त्यात सगळ्यांत पुढे तारामावशी, किनाऱ्याकडून आलेल्या, आवाज पडवीच्या बाहेर जाणारा.

पहिला मान बरणीचा. ह्यांनी नळी खलाजवळ धरली आणि रंजनाने डंख सुरू केला. खरंच सांगते, दृश्य असं होतं की मलासुद्धा डोळे काढवेनात. बरणीत लालभडक भोवरा! बायका “अगो बाय” म्हणत पुढे सरकल्या. ह्यांना चेव आला. “बघा, एक कणसुद्धा बाहेर...” एवढं म्हणाले आणि शिंकले. मग तारामावशी शिंकल्या, मग रंजना, मग मी. मिरचीची जाड भुकटी बरणीत पडत होती, पण अगदी बारीक होती ती मागच्या जाळीतून सरळ बाहेर. खलातला खकाणा आधी निदान वाऱ्याची वाट बघायचा, आता बरणी तो फवारून देत होती. कुंपणापलीकडून काकींच्या खोकल्याचा आवाज आला आणि रंजनाने धावत जाऊन बटण बंद केलं.

मी पदराने डोळे पुसले आणि हंडा पुढे केला. तो क्षण माझा होता! हंडा ओढू लागला, मी मागे रुमाल धरला. पांढरा. एका घाण्यात काही बदल नाही, पांढराशुभ्र. मी तो रुमाल ह्यांच्या नाकासमोर नाचवला. हे अजून शिंकतच होते.

दुसरा घाणा अर्धा झाला आणि हंड्याचा आवाज बदलला. किरकिरा, बारीक. एवढी बारीक भुकटी कागदाच्या पिशवीच्या छिद्रांत जाऊन बसली होती. हवा जायला वाटच नाही. मोटर तापली आणि हंडा बंद पडला. इतक्या वर्षांत मी त्याला गिऱ्हाइकासमोर बंद पडलेला कधी पाहिला नव्हता.

आणि मग तारामावशी उठल्या. “माजा मसाला कुठं गेला?”

“मावशी, तो खकाणा होता,” मी म्हटलं.

“खकाणा कसला? मिरची माजी, मग खकाणा कोनाचा? आमी गच्चीवर उन्हात पाय भाजत सुकवली ती काय हिच्या पोटात घालायला? काड बाहेर!”

पिशवी फाडून दाखवली. त्यात मसाला होता, पण कागदाच्या तंतूंत मिसळलेला, कुणालाही न देण्यासारखा. तारामावशींच्या घाण्याचा कुठला आणि त्याआधीचा कुठला, ते देवाला ठाऊक. बायकांत कुजबुज सुरू झाली. ही मशीन मसाला चोरते. पडवीत कुणी मोठ्याने म्हणालं, “आमी आपल्या बोईसरला जाऊ.” रंजनाचा चेहरा उतरला. खकाण्याने शेजारी जाणार आणि मशीनने गिऱ्हाईक जाणार, अशी आम्ही तिची दोन्हीकडून वाट लावून ठेवली होती. “राहू द्या ताई,” ती एवढंच म्हणाली. मला भांडणारं गिऱ्हाईक चालतं. असं हळू बोलणारं चालत नाही.

परतीच्या रिक्षात मी हंड्याची नळी गुंडाळत बसले. घरी आल्यावर मात्र माझा तोल गेला. “ती तारामावशी! चिमूटभर भुकटीसाठी एवढा तमाशा?”

“तिला चिमूट नको होती,” हे म्हणाले. “तिला ती दिसायला हवी होती. बरणी चालू असताना कुणी चोर म्हटलं? लाल भोवरा सगळ्यांना दिसत होता. आपलं आहे, तिथे आहे, हे दिसलं की माणूस निवांत असतो. तुझा हंडा खातो आणि तोंड मिटून बसतो. त्याच्यावर विश्वास ठेवायला तुझ्यासारखी वकील लागते. बरणीला वकील लागत नाही.”

इतकी वर्षं मला जे उत्तर हवं होतं ते हेच होतं. काय राग आला म्हणून सांगू! ते खरं होतं म्हणून जास्त आला. वसाहतीतल्या त्या बाई, वजनकाटा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

“मग तुमच्या त्या विश्वासू बरणीचं मागचं तोंड बंद करा आधी!” मी ओरडले. “पुढून दाखवते आणि मागून सगळ्या गावाला शिंका आणते.”

हे काहीतरी बोलणार होते, ते थांबले. माझ्याकडे बघितलं. मग कोपऱ्यातल्या हंड्याकडे बघितलं. “मागच्या तोंडाला जर तुझा हंडा लावला तर?” हे म्हणाले.

हे वाक्य ऐकलं आणि मी उठून हंडा बरणीच्या मागे आणून ठेवला. पुढे बरणी, तिच्यात जाड मसाला सगळा पडणार, सगळ्यांना दिसणार, काढून परत देता येणार. तिच्यातून सुटलेला अगदी बारीक खकाणा मागे हंड्याच्या पिशवीत. मुख्य माल पुढेच पडला की पिशवी पटकन भरणार नाही, हंडा तापणार नाही! आम्ही चहा करायचं विसरलो. मी पाटी-पेन्सिल शोधली, ती मिळेना, तेव्हा लादीवर खडूने चित्र काढलं. ह्यांनी ते पुसून दुसरं काढलं. मी ते पुसलं. संसारात इतक्या आनंदाने आम्ही एकमेकांचं काही पुसलं नव्हतं.

बोईसरला ओळखीचा एक वेल्डर होता, रामसूरत. कारखान्यांची पत्र्याची कामं करायचा. ह्यांच्या दुकानातून विकत आणलेली कोरी बरणी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, हिची मोटर काढून टाक, नुसतं भांडं ठेव, वर पत्र्याचं झाकण आणि पाइप बसव. ओढायचं काम हंडाच करेल. त्याने बरणी उलटीपालटी करून बघितली.

“भाभीजी, मोटर निकालूँगा तो गारंटी चली जाएगी।”

“जाने दो,” मी म्हटलं.

“और इस लाल वाले में छेद करूँगा तो इसकी भी।”

“जाने दो!” हे म्हणाले. एका दुपारी दोन कंपन्यांची वॉरंटी गेली आणि आम्ही दोघं लग्नातल्यासारखे हसत होतो.

पहिली चाचणी घरी घेतली, हळदीवर. सांधा एका जागी सुटा राहिला होता. हंडा सुरू केला, आणि दोन मिनिटांत ओटा पिवळा, भिंत पिवळी आणि समोर उभे असलेले हे आपादमस्तक पिवळे. “दुसऱ्यांदा हळद लागली,” म्हणाले, “नवरी तरी नवी द्यायची होतीस.” सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली आणि पुन्हा सुरू केलं. ह्या वेळी सगळी हळद गुमान बरणीच्या तळाशी जाऊन बसली. रामसूरतने खलावर बसणारं पत्र्याचं नरसाळंही करून दिलं, म्हणजे खकाणा उडायच्या आधीच नळीत जाणार.

आता रंजनाला पटवायचं होतं, ते सोपं नव्हतं. “ताई, मागच्या येळची बोलनी अजून चालू हायत,” ती फोनवर म्हणाली. “पन सरपंच पुढच्या आठवड्यात येनार हायत. आना. यापेक्षा वाईट काय व्हनार?”

पडवीत त्या दिवशी गर्दी होती. काही कुटायला आलेल्या, काही नुसती मजा बघायला. तारामावशी परत आल्या होत्या. बोईसरला गेल्याच नव्हत्या, कारण रंजनाच्या डंखासारखं कुटणं तिथे होत नाही, हे त्यांनीच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. रंजनाने बरणी गरम पाण्याने धुऊन, पुसून, सगळ्यांना आतून दाखवली. हंडा बरणीच्या मागे जोडला. हे बरणीजवळ आणि मी हंड्यामागे रुमाल घेऊन.

डंख सुरू झाला. मिरची फुटली आणि नरसाळ्यात लाल धूर चढला, नळीतून धावला, बरणीत गरगरला आणि तळाशी उतरला. मी वाट बघत होते. हंड्याचा आवाज तोच, खणखणीत. रुमाल पांढरा. एक घाणा झाला, दुसरा झाला. कुणी शिंकलं नाही. पडवीत मिरची कुटली जात होती आणि बायका तोंडावरचा पदर काढून गप्पा मारत होत्या! रंजना मात्र गप्पांत नव्हती. तिचं सगळं लक्ष कुंपणापलीकडे होतं.

घाणा संपल्यावर ह्यांनी बरणी काढून तारामावशींच्या पातेल्यावर उपडी केली, कुंच्याने झाडली, फडक्याने पुसली. तारामावशींनी आत डोकावून बघितलं. “हा माजाच,” म्हणाल्या. “रंग वळकते मी.” आणि पाटावर पुन्हा ऐसपैस बसल्या.

तेवढ्यात कुंपणाचं फाटक वाजलं. राऊतसर येत होते. रंजनाने हात पुसले आणि उभी राहिली. सर कुणाशी काही न बोलता थेट हंड्यामागे आले, वाकले, आणि मी रुमाल धरला होता तिथे स्वतःचा चेहरा धरला. सरांनी एकदा श्वास घेतला. पुन्हा एकदा, खोल.

“काय कुटतेयस?” त्यांनी रंजनाला विचारलं.

“मिरची, सर.”

“आत्ता?”

“सकाळपासून, सर.”

सर वळले आणि आपल्या घराकडे बघत मोठ्याने म्हणाले, “अगं, उघड. मिरचीच आहे, पण उघड.”

खिडकीची कडी गंजलेली असावी, दोनदा आपटल्यावर निघाली. गजांमागे राऊतकाकी दिसल्या. बारीक, गोऱ्या, गळ्याभोवती रुमाल. मोसमात ती खिडकी उघडी मी तर सोडाच, रंजनानेही पाहिली नव्हती. काकींनी आधी नाकाला पदर लावला, मग हळूच काढला. थांबल्या. आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. खोकल्या नाहीत. आत गेल्या, आणि परत आल्या त्या हातात मिरच्यांची पिशवी घेऊन. सर खिडकीखाली गेले, तेव्हा गजांतून ती त्यांच्या हातात दिली.

“किती वर्षं विकतचा मसाला खातेय,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. “ह्या मी घरात पंख्याखाली सुकवल्यात. कुटशील का गं?”

रंजना हो म्हणाली की नाही ते मला ऐकू आलं नाही, ती सरांकडे धावलीच होती. पिशवी घेतली, मिरच्या खलात घातल्या आणि डंख सुरू केला. राऊतसर पडवीच्या पायरीवर बसले. घाणा अर्ध्यावर आला असेल, तेव्हा खिडकीतून काकींची हाक आली.

“रंजना, ती बरणी जरा इकडे फिरव गं. मला माझा मसाला दिसत नाहीये.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या भांडणाचा निकाल त्यांच्या तोंडावर अगदी मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. त्यांना बोलायची संधी मी दिली नाही. रुमाल कमरेला खोचला, पुढे झाले आणि ह्यांच्या कंपनीची ती बरणी माझ्या दोन्ही हातांनी, नळी सुटू न देता, काकींच्या खिडकीकडे वळवली.